बाईंच्या ऑर्गनचा संगणक: एका जुळणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाई आमच्या शाळेत संगीत शिकवायच्या. आता निवृत्त आहेत, पण पुण्यात कॅम्पातल्या एका चर्चमध्ये मराठी उपासनेला अजूनही रविवारी ऑर्गन वाजवतात. मी संगणकांची जुळणी करतो, बहुतेक छोट्या स्टुडिओंसाठी आणि व्हिडिओ संकलन करणाऱ्यांसाठी. ऑर्गनसाठी संगणक जुळवायची ही माझी पहिलीच वेळ. त्यात काय बरोबर ठरलं आणि कुठे चुकलो, हे नीट लिहून ठेवतो आहे. हा प्रश्न घेऊन येणारे आणखी दोघंजण त्यानंतर भेटले आणि दोघांनाही दुकानात तोच सल्ला मिळाला होता, जो बाईंना मिळाला.

ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात पितळी रीड असतात. बाईंच्या मनातला ऑर्गन युरोपातल्या मोठ्या चर्चमधला, शेकडो पाइपांचा. तो घरी आणता येत नाही, पण त्याचा आवाज आणता येतो. ध्वनिमुद्रण करणारे लोक एकेका स्टॉपचा (म्हणजे खुंटी ओढली की चालू होणाऱ्या, एकाच जातीच्या पाइपांच्या संचाचा) एकेक पाइप वेगळा मुद्रित करतात. पट्टी दाबली की तो पाइप वाजतो, सोडली की त्या चर्चमध्ये घुमणारा शेवटचा नादही वाजतो. पट्टी थोडा वेळ दाबली तर तो नाद वेगळा असतो आणि बराच वेळ दाबली तर वेगळा, म्हणून त्याची दोन-तीन मुद्रणं ठेवतात. या सगळ्याचा मिळून सॅम्पल सेट होतो. तो चालवणारी दोन सॉफ्टवेअर मुख्य आहेत: विकत मिळणारं हाउप्टवेर्क आणि मुक्तस्रोत, मोफत असलेलं ग्रँडऑर्ग.

वानवडीतल्या घरी बाईंनी सुताराकडून सागवानी सांगाडा करून घेतला होता. त्यावर संगणकाला जोडायचे, 61 पट्ट्यांचे दोन मिडी कीबोर्ड आणि खाली पायाने वाजवायचा, 30 पट्ट्यांचा जुना पेडलबोर्ड. संगणक म्हणून भाच्याचा चार कोअरचा, 16 जीबी रॅमचा लॅपटॉप.

अडचण

साधी गीतं दोन-तीन स्टॉपवर ठीक वाजायची. शेवटच्या कडव्याला बाई सगळे स्टॉप ओढायच्या आणि तिथेच आवाज तडतडायचा. कधी मधला एखादा स्वर गळून जायचा. ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातलं गीत शेवटच्या कडव्यात पूर्ण आवाजात उचलायचं, हा त्यांच्या वादनाचा प्राण. नेमका तोच लॅपटॉपला झेपत नव्हता.

भाच्याने ऑडिओ बफर, म्हणजे वाजवण्याआधी संगणक आवाजाचे जेवढे नमुने (सॅम्पल) साठवून घेतो तो साठा, 256 वरून 1024 वर नेला. तडतड कमी झाली, पण 48 किलोहर्ट्झला 1024 सॅम्पल म्हणजे 21 मिलिसेकंद, त्यात ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे संगणकातला आवाज स्पीकरला देणाऱ्या डबीचा, उशीर वेगळा. बाई म्हणाल्या, “पेडल माझ्या पायाच्या मागून येतोय.” आकडा न सांगता त्यांनी दोष अचूक पकडला होता.

मग त्या एका दुकानात गेल्या. सव्वा लाखाचं कोटेशन मिळालं. त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डाची, रॅम पुन्हा 16 जीबी, काचेचा कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे तीन पंखे. “संगीतासाठी एकदम पॉवरफुल” असं त्यावर पेनाने लिहिलेलं. ते कोटेशन बघून मला वाईट वाटलं, कारण पैसे बाईंच्या निवृत्तीच्या शिलकीतले होते आणि त्यांतला जवळजवळ निम्मा भाग त्यांच्या कामाला कधीच लागला नसता. ऑर्गनच्या आवाजात ग्राफिक्स कार्डाला काही काम नसतं.

आधी हिशेब, मग खरेदी

मी बाईंना पहिला प्रश्न विचारला तो बजेटचा नव्हता. “बाई, पुढच्या चार-पाच वर्षांत कोणता ऑर्गन वाजवायचाय?” या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय मला आजही हाच वाटतो. संगणक सॅम्पल सेटच्या मापाने घ्यायचा असतो, कारण ही सॉफ्टवेअर बहुतेक सगळा सेट रॅममध्ये चढवून ठेवतात. दाबलेल्या पट्टीचा आवाज डिस्कवरून शोधत बसायला तेव्हा वेळ नसतो.

बाईंच्या जेवणाच्या टेबलावर बसून वहीत हिशेब मांडला. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, स्टीरिओ म्हणजे सेकंदाला 2,88,000 बाइट. एका पाइपचा सात सेकंदांचा मूळ आवाज आणि चार-चार सेकंदांचे तीन शेवटचे नाद धरले तर 19 सेकंद, साधारण साडेपाच एमबी. एका स्टॉपचे 56 पाइप धरले तर 300 एमबीच्या थोडं वर. 30 स्टॉपचा मध्यम ऑर्गन नऊ जीबीच्या आसपास.

इथपर्यंत 16 जीबीत जमल्यासारखं दिसतं. पण बाईंना हवा होता घुमणारा ऑर्गन. शेवटचा नाद आठ सेकंदांचा असेल तर एक पाइप नऊ एमबीला टेकतो आणि एक स्टॉप 500 एमबीला. असे 50 स्टॉप म्हणजे 25 जीबी. पुढच्या आणि मागच्या माइकचा सराउंड सेट घेतला तर 50 जीबी. सॉफ्टवेअरमधलं कॉम्प्रेशन थोडी जागा वाचवतं. 16 बिटमध्ये चढवलं तर एक तृतीयांश वाचते. पण हाताशी वाव असावा हे स्पष्ट झालं.

दुसरा हिशेब प्रोसेसरचा. चार स्वरांचा मेळ, 20 स्टॉप ओढलेले, म्हणजे एका वेळी 80 पाइप. पुढच्या मेळावर गेलं तरी आधीच्या 80 पाइपांचा नाद चर्चमध्ये घुमतच असतो. सेकंदाला एक मेळ आणि पाच सेकंदांचा घुमारा धरला तर 80 अधिक 400, म्हणजे 480 आवाज एकाच वेळी मिसळायचे. सराउंडला दुप्पट. लॅपटॉप नेमका शेवटच्या कडव्याला का कोलमडायचा हे इथे उलगडलं. बाईंनी वहीतल्या त्या 480 च्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल केला. “म्हणजे मी सोडलेले स्वर संगणकाला सोडता येत नाहीत,” त्या म्हणाल्या. मी दहा मिनिटं जे समजावत होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

समोरचे पर्याय

चार वाटा होत्या. पहिली, ते दुकानाचं कोटेशन. ती बाजूला ठेवली.

दुसरी, मॅक मिनी. शांत, आटोपशीर, ऑडिओसाठी भरवशाचा. बाईंच्या भाच्याचा त्यासाठी आग्रह होता आणि तो चुकीचा नव्हता. अडचण एकच: त्यातली रॅम नंतर वाढवता येत नाही आणि विकत घेतानाच जास्त रॅमचा पर्याय निवडला तर किंमत झपाट्याने चढते. रॅम हाच जिथे मुख्य प्रश्न आहे, तिथे ते परवडत नव्हतं.

तिसरी वाट मला स्वतःला मोहात पाडणारी होती: कंपन्यांतून निघालेलं, नूतनीकरण केलेलं वर्कस्टेशन. पुण्यात आयटी कंपन्या भरपूर, त्यामुळे अशी यंत्रं मिळतात. इंटेलचे जुने झिऑन प्रोसेसर, आठ-आठ रॅमचे स्लॉट, 128 जीबीसुद्धा स्वस्तात. एक यंत्र उसनं आणून बाईंच्या खोलीत चालवून पाहिलं. सेट आरामात चढला, पण पंख्याचा घोंगाट इतका की हळू वाजणाऱ्या बासरीच्या स्टॉपखाली तो सतत ऐकू यायचा. शिवाय जुन्या कोअरचा वेग कमी. वाद्याला स्वतःचा आवाज असू नये, एवढं कारण ते परत करायला मला पुरेसं होतं. ही चाचणी केली नसती तर मी तेच घेतलं असतं.

चौथी, नव्या भागांची जुळणी. ती ठरली.

सॉफ्टवेअरचा निर्णय मात्र अर्धवट ठेवला, तोही जाणूनबुजून. हाउप्टवेर्कसाठी बनवलेले कुलूपबंद सेट ग्रँडऑर्गमध्ये चालत नाहीत, म्हणून पुढे कधी तरी हाउप्टवेर्क लागेल अशी शक्यता होती. पण सुरुवात ग्रँडऑर्गने आणि लार्स पालो यांनी मोफत उपलब्ध करून दिलेल्या स्वीडनमधल्या बुरेओ चर्चच्या सेटने करायची, संगणक मात्र पुढच्या गरजेचा घ्यायचा, असं ठरलं.

सुटे भाग

हे 2024 च्या ऑगस्टमधलं. तेव्हा इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अस्थिरतेची चर्चा जोरात होती आणि इंटेलने त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्तीही काढली होती. उपासनेच्या आदल्या रात्री सराव करणाऱ्या माणसाला मी ती जोखीम देणार नव्हतो. एएमडी रायझन 9 7900 घेतला: 12 कोअर, 65 वॉट, आत स्वतःचं छोटं ग्राफिक्स. म्हणजे वेगळं कार्ड नको, त्याचा पंखा नको, त्याची उष्णता नको. आठ कोअरचा 7700 स्वस्त पडला असता आणि बाईंच्या आजच्या वादनाला पुरला असता. पण 480 चे 960 झाले की कोअर कामी येतात, म्हणून ग्राफिक्स कार्डाच्या वाचलेल्या पैशांतून वरचा घेतला.

कूलर हवेचा, मोठ्या टॉवरचा. लिक्विड कूलिंगच्या पंपाची बारीक शीळ शांत खोलीत कानाला टोचते. कॅबिनेट काच नसलेला, बंद बाजूंचा, पुढे धुळीची जाळी असलेला. पॉवर सप्लाय असा, की कमी भारावर पंखा फिरतच नाही. एसएसडी 2 टीबीची, पण मधल्या दर्जाची. ती फक्त सेट चढवताना वेगाने लागते, वाजवताना नाही, तेव्हा सगळ्यांत महागडी घेण्यात अर्थ नव्हता. मदरबोर्ड बी650, रॅमला चार स्लॉट. आणि रॅम? 32 जीबीच्या दोन पट्ट्या, एकूण 64. “उद्या लागलं तर आणखी दोन लावू, स्लॉट आहेतच,” असं मी बाईंना ठामपणे सांगितलं. हे वाक्य लक्षात असू द्या.

खरेदी गणपतीच्या आधी उरकली, कारण एकदा उत्सव सुरू झाला की पेठांमधले रस्ते बंद होतात. वायरी आणि पिना तपकीर गल्लीतून, बाकीचं कॅम्पातून.

जुळणी आणि पहिले आठवडे

जुळणी बाईंच्या घरीच केली, त्यांना बघायचं होतं म्हणून. रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबलं की खट्ट असा आवाज येतो. तो दोनदा ऐकला. बटण दाबलं. पंखे फिरले आणि पडदा काळाच. एक मिनिट, दोन मिनिटं. बाई पेडलबोर्डच्या बाकावर हात जोडल्यासारख्या बसल्या होत्या. नव्या डीडीआर5 रॅमची बोर्ड पहिल्यांदा चालू होताना तपासणी करतो आणि त्याला काही मिनिटं लागतात, हे मला माहीत होतं, तरी माझाही जीव वर आला होता. अखेर पडदा उजळला. घाबरून मध्येच बटण दाबू नये, एवढं इथे सांगून ठेवतो.

विंडोजमध्ये वायफाय बंद केलं, यूएसबीची वीजबचत बंद केली, पॉवर प्लॅन पूर्ण क्षमतेवर ठेवला आणि आवाजात अडथळा आणणारे झटके दाखवणारं लेटन्सीमॉन लावून अर्धा तास नुसतं बघत बसलो. वायफायचा ड्रायव्हर चालू असताना जे झटके दिसत होते, ते गेले. बफर 256 वर, म्हणजे 5.3 मिलिसेकंदांवर आणला. सगळे स्टॉप ओढून शेवटचं कडवं. तडतड नाही.

पण एक गुणगुण होती. स्पीकरमधून, सतत, अगदी हळू. मी केबल हलवल्या, इंटरफेस दुसऱ्या यूएसबीत लावला, एक आख्खी संध्याकाळ ड्रायव्हर बदलण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्पीकरला कान लावला आणि म्हणाल्या, “पांढरी पाच आहे रे. पण किंचित चढी.” मग पेडलवर सोळा फुटी, म्हणजे खर्जाच्या, स्टॉपचा खालचा जी (तीच पांढरी पाच) दाबून दाखवला. दोन्ही नाद एकमेकांवर घासत होते, लाटा ऐकू येत होत्या. त्या जीची कंपनसंख्या 49 हर्ट्झ. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झ. दोष सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच, अर्थिंगच्या वळशात (ग्राउंड लूपमध्ये) होता. संगणक एका भिंतीच्या सॉकेटवर, स्पीकर समोरच्या भिंतीच्या. सगळं एकाच बोर्डवर घेतलं, साध्या केबलींच्या जागी बॅलन्स्ड केबली लावल्या आणि पांढरी पाच गप्प झाली. मी आदली संध्याकाळ वाया घालवली, कारण नव्या संगणकावर संशय घेणं सोपं होतं. आता आधी बाईंना ऐकायला लावतो.

यूपीएसचं थोडक्यात: गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि यूपीएस असूनही संगणक धाडकन बंद पडला. तो यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यापायऱ्यांची लहर देत होता आणि आमच्या पॉवर सप्लायला ती मानवली नाही. शुद्ध साइन वेव्हचा बदलून घेतला. हा खर्च पहिल्याच यादीत असायला हवा होता.

मार्चमधली चूक

2025 च्या मार्चमध्ये बाईंनी एका मोठ्या फ्रेंच ऑर्गनचा सराउंड सेट घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी हाउप्टवेर्कही. 64 जीबीत तो पूर्ण दर्जात बसेना. मी सांगितल्याप्रमाणे त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आणखी दोन पट्ट्या आणल्या आणि रिकाम्या स्लॉटमध्ये लावल्या. एकूण 128 जीबी.

आधीची वेगाची सेटिंग ठेवली तर संगणक सुरूच होईना. ती काढल्यावर सुरू झाला, पण रॅमचा वेग 3600 वर आला. या रायझन पिढीत दोन पट्ट्यांना एएमडीचा अधिकृत वेग 5200 आहे, चार लावल्या की तोच 3600 वर उतरतो. हे कंपनीच्या तपशिलात छापलेलं आहे. मी आधीच्या पिढीच्या, डीडीआर4 रॅमच्या सवयीने वागलो, तिथे चार पट्ट्या लावूनही एवढा फरक मला कधी पडला नव्हता. इथे शेकडो पाइपांचे आवाज रॅमच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून एकाच वेळी उचलायचे असतात, प्रोसेसरच्या कॅशचा (आतल्या छोट्या, वेगवान स्मृतीचा) फार उपयोग होत नाही. त्याच गीताला, तेवढ्याच स्टॉपवर, प्रोसेसरचा भार आधीपेक्षा वर गेलेला दिसला. शेवटच्या कडव्यात एकदा तडतड झाली. बाई थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत.

तीन पर्याय होते. चार पट्ट्या ठेवून वेग हाताने हळूहळू चढवत जायचा. हे जमलं असतं कदाचित, पण उन्हाळ्यात खोली तापल्यावर टिकेल याची खात्री मी देऊ शकत नव्हतो. दुसरा, सेट 16 बिटमध्ये आणि शेवटचे नाद छाटून 64 मध्ये बसवायचा. बाईंनी दोन्ही ऐकून पाहिलं. 16 बिट त्यांना चाललं असतं, पण छाटलेला नाद नाही: “देऊळ लहान झाल्यासारखं वाटतंय.” तिसरा, चारही पट्ट्या काढून 48 जीबीच्या दोन लावायच्या, एकूण 96.

तिसरा केला. नव्या दोन पट्ट्या दुकानदाराने परत घेतल्या, जुन्या दोन मी कमी किमतीत एका स्टुडिओला विकल्या. फरक मी माझ्या खिशातून भरला, बाईंनी खूप आढेवेढे घेतले तरी. सल्ला माझा होता. पहिल्याच दिवशी 48 च्या दोन घेतल्या असत्या, तर बाईंचा पहिला खर्च थोडा वाढला असता आणि मार्चमधला सगळा प्रकार झाला नसता. त्या वेळी त्या बाजारात होत्या. मी विचारलंच नव्हतं.

आताची स्थिती

96 जीबीत तो सराउंड सेट पूर्ण दर्जात बसतो, वर वाव उरतो. पहिल्यांदा चढवताना बराच वेळ लागला. नंतर सॉफ्टवेअर चढवलेल्या सेटची तयार प्रत (कॅश) डिस्कवर ठेवतं, त्यामुळे बाई देवघरातला दिवा लावून येईपर्यंत ऑर्गन तयार असतो. बफर 256 वरच आहे. एप्रिलच्या उन्हात, दुपारी, खिडक्या बंद करून सगळे स्टॉप ओढून अर्धा तास वाजवून घेतलं. पंखा ऐकायला कॅबिनेटजवळ वाकावं लागलं.

2025 च्या शेवटाकडे रॅमच्या किमती भडकल्या, तेव्हा बाईंचा फोन आला होता, आपलं आधीच झालं ते बरं झालं म्हणून. मदरबोर्डवरचे दोन स्लॉट रिकामे आहेत. त्यांवर मी कागदी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलंय: ‘इथे काही लावू नये.’

नाताळच्या उपासनेचा सराव बाईंनी घरच्या ऑर्गनवर केला. मी ऐकायला गेलो होतो. शेवटचं कडवं संपवून त्यांनी हात उचलले, पायही उचलले, आणि वानवडीच्या त्या दहा बाय बारा खोलीत तो फ्रेंच घुमारा पूर्ण विरेपर्यंत आम्ही दोघंही गप्प बसलो.